सोलापुरात एसीशिवाय थंड राहील असं घर कसं बांधावं?

केरळसारखं उतरत्या कौलांचं, चहूबाजूंनी उघडं घर सोलापुरात बांधलं तर एसी टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच बांधकामं करतो. माझं उत्तर: तसं करू नका. केरळात हवा दमट, दिवसा-रात्रीच्या तापमानात फरक थोडा, म्हणून तिथे वारं सतत खेळतं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पहाटेपर्यंत पंधरा-एक अंशांनी उतरतो. दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या की झळा घरात येतात. दिवसा घर बंद, रात्री सताड उघडं, हीच इथली रीत.

पैसे आधी छतावर घाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसतं, सगळा मारा छतावर. रात्री नऊला साध्या स्लॅबला आतून हात लावून बघा, ऊब कळते. दिवसभर शोषलेली उष्णता नेमकी झोपायच्या वेळी खाली उतरते. जुन्या माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, लाकडी तुळयांवर किलच्या (लाकडाच्या बारीक फळ्या), त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर असायचा, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा. पण ते वजन, दरवर्षी मृगाआधी पांढरी माती टाकायचं काम आज कुणाला झेपणार? त्याऐवजी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करा आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा. तेवढं बजेट नसेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला दरवर्षी चुन्याचे दोन हात द्या. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

दुसरा शत्रू पश्चिमेची भिंत. आपला काळा दगड चांगलाच, पण दीड फुटाच्या भिंती छोट्या प्लॉटची जागा खातात. म्हणून दगड फक्त पश्चिमेला वापरा, नाहीतर त्या बाजूला जिना, बाथरूम, कोठीची खोली घ्या. जागा असेल तर बाहेर कडुलिंब लावा.

स्थानिक माती म्हणून शेतातल्या काळ्या मातीच्या विटा मात्र पाडू नका. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. पायाही मुरूम लागेपर्यंत खाली न्या.

प्लॉटचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळवा, म्हणजे जिना कुठे घ्यायचा ते सांगतो.