चिल रोलचा आरए रिपोर्टमध्ये पास, तरी फिल्मवर आडव्या रेषा का? फिनिश मोजायचं कसं आणि ऑर्डरमध्ये लिहायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत तीन लेयरची पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कास्ट फिल्म लाईन आहे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक डायच्या फटीतून थंड रोलवर सोडून फिल्म बनवणारी. हा थंड रोल, म्हणजे ६०० मिमी व्यासाचा चिल रोल, परत हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण मुलामा) करून आणला. ऑर्डरमध्ये ‘मिरर फिनिश’ एवढंच लिहिलं होतं. प्लेटिंगवाल्याच्या रिपोर्टमध्ये आरए (खरखरीतपणाचा आकडा) ०.०४ मायक्रॉन आहे, पण फिल्मवर रुंदीभर बारीक आडव्या रेषा येतात आणि मधूनमधून ठिपके दिसतात. रिपोर्ट खोटा आहे का, आणि पुढच्या वेळी नेमकं काय लिहून द्यायचं?

रिपोर्ट बहुतेक खरा आहे. पण ज्या पद्धतीने मोजलं, त्यात तुमचे दोन्ही दोष सापडणारच नव्हते.

आरए म्हणजे मध्यरेषेपासून पृष्ठभाग वर-खाली किती जातो त्याची सरासरी. या फिनिशला मोजणीची लांबी १.२५ मिमी असते. समजा तेवढ्या लांबीत २ मायक्रॉन खोल आणि १० मायक्रॉन रुंद असा व्ही आकाराचा एकच ओरखडा आहे. त्याचं क्षेत्रफळ १० चौरस मायक्रॉन. ते १२५० मायक्रॉनवर पसरलं की आरएमध्ये जेमतेम ०.०१ ची भर पडते. म्हणजे ०.०४ चा ०.०५ झाला, रिपोर्ट पास. आरझेड घेतला तरी पूर्ण बचाव होत नाही, कारण तो मोजणीच्या पाच तुकड्यांतल्या शिखर ते दरी उंचीची सरासरी आहे. चार तुकडे ०.३ चे आणि एक २.२ चा असेल तर आरझेड ०.७ च्या आसपास येतो. आरमॅक्स, म्हणजे त्या पाचांतला सगळ्यात मोठा आकडा, मात्र सरळ २.२ दाखवतो. म्हणून चिल रोलला आरए, आरझेड आणि आरमॅक्स तिन्ही मागायचे. आणि सुटे खड्डे कुठल्याच रफनेस आकड्यावर सोपवायचे नाहीत. स्टायलस (टेस्टरची पृष्ठभागावरून सरकणारी सुई) नेमका खड्ड्यावरून जाईल याची खात्री नसते, ते डोळ्यानेच तपासावे लागतात.

आता आडव्या रेषा. ग्राइंडिंग करताना मशीन थरथरलं तर रोलवर ठरावीक अंतराने लाटा उठतात, म्हणजे चॅटर. जॉबचा पृष्ठवेग मिनिटाला ३० मीटर आणि थरथर १०० हर्ट्झची असेल, तर लाट ५ मिमीवर एक पडते. ५० हर्ट्झच्या सप्लायवर चालणाऱ्या मोटरला १०० हर्ट्झची थरथर अगदी नेहमीची. ही लाट परिघाच्या दिशेने पुढे सरकते. रफनेस टेस्टर मात्र रोलच्या लांबीच्या दिशेने चालवतात, आणि ग्राइंडिंगच्या रेषा आडव्या कापण्यासाठी ते बरोबरही आहे. पण त्या दिशेत स्टायलस चॅटर ओलांडतच नाही. परिघाच्या दिशेने चालवला तरी १.२५ मिमीच्या चालीत ५ मिमीची लाट मावत नाही, आणि ०.२५ मिमीचा कटऑफ (यापेक्षा लांब लाटा वगळणारी मर्यादा) ती गाळूनच टाकतो.

त्यात बफिंगची भर पडते. कापडी बफ शिखरं घासतो, आरए झपाट्याने खाली आणतो, लाट मात्र तशीच ठेवतो. रोल आरशासारखा चमकतो, आकडा सुंदर येतो आणि वितळलेलं पीपी त्या लाटेची हुबेहूब नक्कल करतं. क्रोम खालचा दोष झाकतो हाही एक गैरसमज आहे. हार्ड क्रोम खड्डे भरत नाही, उलट टोकांवर आणि उंचवट्यांवर जास्त चढतो. बेसमध्ये (क्रोमखालच्या स्टीलमध्ये) पोरॉसिटी (बारीक छिद्रं) किंवा वेल्डिंगची दुरुस्ती असेल तर ती वर येतेच.

रोल खोलण्याआधी फिल्मच नीट वाचा. सलग दहा मीटर फिल्म टेबलावर पसरून ठिपके मोजा. ६०० मिमी रोलचा परीघ १८८५ मिमी. तोच ठिपका १८८५ मिमीवर, किंवा ताणामुळे किंचित फरकाने, परत त्याच जागी येत असेल तर रोलवर खड्डा किंवा गाठ आहे. अंतर बेभरवशाचं असेल तर जेल (प्लास्टिकची न वितळलेली गाठ), डायवरचा कचरा किंवा रोलवरचा थेंब. आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २० अंशांच्या वर राहतो. चिलरचं पाणी १५ अंशांवर ठेवलं तर रोलच्या उघड्या भागावर घाम येणारच, त्याचा दोष क्रोमला देऊ नका.

रेषांसाठी लाईनचा वेग बदलून पाहा. दोन रेषांमधलं अंतर वेगाबरोबर बदललं तर कारण एअर नाईफ (फिल्म रोलवर दाबणारा हवेचा झोत), डाय किंवा सपोर्टच्या कंपनात आहे. अंतर तेवढंच राहिलं तर रोल, नाहीतर रोलचा ड्राइव्ह: गिअरचा दातही परिघावर ठरावीक अंतराने ठोका देतो. हे वेगळं करायला ट्यूबलाईट पुरते. लाईन बंद करून रोल पुसा, ट्यूब रोलच्या लांबीला समांतर धरा, प्रतिबिंब तिरप्या नजरेने पाहत रोल हाताने सावकाश फिरवा. चॅटर असेल तर प्रतिबिंबाची कड एकदा जाड एकदा बारीक होत जाते. डायल इथे फारसा कामाचा नाही. लाट बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या आत असते, डायल गेजला ती दिसत नाही.

मोजणीची पद्धत ठरलेली नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. आपल्या भागातल्या मशीन शॉपचं बहुतेक काम ऑटोच्या कास्टिंगचं, आरए ०.८, १.६, ३.२ चं. त्यामुळे रफनेस टेस्टर कायम ०.८ मिमी कटऑफवर लावलेला असतो. त्या कामाला ते बरोबरच आहे. पण आयएसओ ४२८८ (रफनेस मोजणीचं जुनं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आरए ०.०२ ते ०.१ साठी कटऑफ ०.२५ मिमी आणि मोजणी १.२५ मिमी, ०.०२ च्या खाली कटऑफ ०.०८ आणि मोजणी ०.४ मिमी. ०.१ ते २ पर्यंत ०.८ आणि ४ मिमी. एकच रोल ०.८ वर जास्त आणि ०.२५ वर कमी दाखवतो, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या रिपोर्टवर अडून बसतात.

स्टायलसचं टोक २ मायक्रॉन त्रिज्येचं आणि दाब ०.७५ मिलिन्यूटन हवा. ५ मायक्रॉनचं टोक बारीक दऱ्यांत उतरत नाही, आकडा चांगला येतो. शिवाय त्यासोबतचा ४ मिलिन्यूटनचा दाब मिरर क्रोमवर खूण सोडू शकतो. टेस्टरसोबत येणारा मास्टर साधारण ३ मायक्रॉनचा असतो. त्यावर टेस्टर बरोबर आला म्हणून ०.०४ ला बरोबर येईल असं नाही. ऑप्टिकल फ्लॅटच्या (अत्यंत सपाट, गुळगुळीत) काचेवर एकदा चालवून पाहा. तिथे जो आकडा येतो तो टेस्टरचा स्वतःचा नॉइज, पृष्ठभागाचा नव्हे. काचेवरच ०.०२ येत असेल तर रोलवरच्या ०.०४ वर भांडण करण्यात अर्थ नाही, त्याला लॅबमधलं स्किड (सुईशेजारी पृष्ठभागावर टेकणारा आधार) नसलेलं मशीन लागतं. आणि शेजारच्या फाउंड्रीचं नॉकआउट (साचा हादरवून कास्टिंग सुटं करणं) चालू असताना हे मोजूच नका, जमिनीतून येणारी थरथर थेट आकड्यात उतरते.

प्रत्यक्ष मोजताना रोल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा. टेस्टर व्ही बेसवर, बरोबर रोलच्या माथ्यावर, लांबीला समांतर. लांबीत पाच जागा, त्यातल्या दोन फिल्मच्या कडांपासून ५० मिमी आत. रोल ९० अंशांनी फिरवत चार वेळा, म्हणजे एकूण वीस रीडिंग. वीसही लिहा, सरासरी काढून एक आकडा देऊ नका. जुन्या आयएसओ ४२८८ मध्ये १६ टक्क्यांपर्यंत रीडिंग मर्यादेबाहेर गेली तरी जॉब पास होता. २०२१ मध्ये आलेल्या आयएसओ २१९२० मध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर एकही रीडिंग मर्यादेबाहेर चालत नाही. कुठला नियम धरायचा ते ऑर्डरमध्ये लिहा.

ऑर्डरमध्ये पुढचा मजकूर द्यायला हरकत नाही. पारदर्शक पीपी कास्टसाठी हे आकडे धरून चला, तुमच्या ग्राहकाला लागणाऱ्या ग्लॉसप्रमाणे थोडे इकडेतिकडे करा:

प्लेटिंगआधी बेस: ग्राइंड आणि सुपरफिनिश (अतिबारीक घासणी), आरए कमाल ०.१. या टप्प्यावर ट्यूबलाईटखाली चॅटर तपासणी, आमच्या माणसासमोर.
हार्ड क्रोम: पॉलिशनंतर एका बाजूस ५० मायक्रॉन, कुठेही ४० पेक्षा कमी नको. हार्डनेस किमान ८५० एचव्ही (विकर्स), सोबत प्लेट केलेल्या टेस्ट पीसवर.
अंतिम पृष्ठभाग: आरए कमाल ०.०५, आरझेड कमाल ०.४, आरमॅक्स कमाल ०.६. कटऑफ ०.२५, मोजणी १.२५ मिमी, टोक २ मायक्रॉन, दिशा लांबीला समांतर, वीस जागा, एकही मर्यादेबाहेर नको.
फिल्म बसणाऱ्या भागात दहा पट भिंगाखाली खड्डा, गाठ, तडा किंवा बफचा चरा नको. डोळ्याला दिसणारं चॅटर किंवा स्पायरल (ग्राइंडिंगची मळसूत्री खूण) नको.
बेअरिंग सीटवर धरून रनआउट (फिरताना पृष्ठभागाचा हेलकावा) कमाल १० मायक्रॉन.

यातली बेसच्या तपासणीची ओळ सगळ्यात महत्त्वाची. क्रोम चढल्यावर सापडलेलं चॅटर दोन्ही बाजूंचे पैसे घालवतं. हार्डनेस टेस्ट पीसवर घ्या म्हटलं त्याचंही कारण आहे: हातातला रिबाउंड टेस्टर एवढ्या पातळ क्रोमवर खालच्या स्टीलचा आकडा देतो आणि वर पृष्ठभागावर खूण ठेवतो.

हा मजकूर सगळ्या रोलना चिकटवू नका. पुढच्या आयडलरला (फिल्मच्याच ओढीने फिरणाऱ्या रोलला) गुळगुळीतपणा मारक ठरतो. १०० मिमीचा आयडलर, मिनिटाला १५० मीटर वेग आणि मीटर रुंदीला १०० न्यूटन ताण धरला, तर फिल्म आणि रोल यांच्यात साधारण १० मायक्रॉन हवेचा थर शिरतो. ३० मीटरवर तो साडेतीन मायक्रॉनच्या आसपास असतो. ०.२ आरएचा चकचकीत आयडलर या थरावर फिल्मला तरंगत ठेवतो: रोल मागे पडतो, फिल्म घसरते, चरे पडतात. तिथे हवेला वाट देणाऱ्या खाचा किंवा मुद्दाम खरखरीत पृष्ठभाग लागतो, आणि आरएला कमालइतकीच किमान मर्यादाही लिहावी लागते.

मॅट रोललाही किमान-कमाल दोन्ही हवेत, शिवाय सेंटिमीटरमागे शिखरांची संख्या. काचेच्या मण्यांनी आणि टोकदार ग्रिटने ब्लास्ट केलेले दोन रोल सारखाच आरए देतात, फिल्म मात्र वेगळी दिसते. ग्रिटची टोकं चालता चालता मोडतात आणि काही महिन्यांत मॅट फिल्म चमकू लागते. रबरच्या निप रोलवर (फिल्म दाबून धरणाऱ्या) स्टायलसचा आकडा धरू नका, रबर दबतं. तिथे रेप्लिका (पृष्ठभागाचा ठसा) घ्या.

तुमच्या सध्याच्या रोलचं बघायचं तर, आधी मॅग्नेटिक गेजने क्रोमची जाडी मोजा. खाली निकेलचा थर नाही ना, ते विचारून घ्या, नाहीतर गेज चुकतो. ४० मायक्रॉनच्या वर जाडी असेल आणि दोष फक्त चॅटरचा असेल, तर क्रोम न काढता लॅपिंग फिल्मच्या (बारीक घासणाऱ्या पट्टीच्या) बेल्टने सुपरफिनिश करून ५ ते १० मायक्रॉन घेतले की लाट जाते. परत बफ मारून मात्र ती जाणार नाही. खड्डे बेसमधून आले असतील तर क्रोम उतरवून बेसपासूनच सुरुवात करावी लागेल. रोल परत येताना व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळून, फक्त बेअरिंग सीटवर टेकवून आणा. लाकडी गुटक्यावर क्रोम टेकला तर लाकडातला ओलावा क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून स्टीलपर्यंत पोचतो, आणि जुलैच्या हवेत आठवड्याभरात गंजाचे ठिपके वर दिसू लागतात.