जळगावचा माणूस, कधी डोंगरात राहिलेला नाही. उत्तराखंडातल्या हर की दून दरीचा तंबूतला ट्रेक झेपेल का?

झेपेल, पण दोन महिने आधीपासून चालायला लागा. मेहरूण तलावाच्या सपाट फेऱ्या पुरेशा नाहीत. पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन पाटणादेवीच्या डोंगरात चढा-उतरा, जमलं तर तोरणमाळला दोन दिवस काढा. उतरताना गुडघे बोलतात, ते इथेच कळलेलं बरं.

आपल्याकडे सवय ४४-४५ अंशांची. तिथे मे महिन्यातही रात्री तंबूत हुडहुडी भरते. म्हणून स्लीपिंग बॅग चांगली हवी, यात काटकसर नको.

खरी काळजी उंचीची. तोरणमाळ साधारण ११५० मीटर, हर की दून ३५०० मीटरच्या वर. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर लपवू नका. गाईडला सांगा, चढणं थांबवा. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. घाईचा कार्यक्रम विकणाऱ्यांकडे जाऊ नका, एक दिवस जास्त ठेवा.

भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, पुढे डेहराडून. तिथून सांकरीपर्यंत, म्हणजे ट्रेकच्या पायथ्याच्या गावापर्यंत, घाटरस्त्यात अख्खा दिवस जातो. पावसाळा टाळा, दरडी कोसळतात.

ट्रेकच्या वाटेवरच्या ओसला गावात मात्र रेंगाळा. देवदाराच्या लाकडाची कोरीव घरं, खाली गुरं, वर माणसं. फोटो काढण्याआधी विचारा, गाईड आणि खेचरवाले तिथलेच घ्या. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, थंडीत गरम पोळीबरोबर तिची किंमत कळते. प्लास्टिक मात्र सगळं परत आणा.