सडा मोकळा आहे, पण विमा कुठे आहे?

पुण्याहून ४३ वर्षांच्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. थोडक्यात असं: आयटीत नोकरी, हातात महिना १ लाख ३५ हजार, घरखर्च ५५ हजार. पत्नी घरी, मुलगी नववीत. वारज्यात २०११ मध्ये ३८ लाखांना घेतलेला फ्लॅट, आजची किंमत ९० लाख, कर्ज १८ लाख बाकी. म्युच्युअल फंडात २६ लाख, पीएफमध्ये २२, एफडी ६. छंद ऑफ-रोड रायडिंगचा, गाडी हिमालयन मोटरसायकल. पण पुण्याभोवती आता टेकडीकडे गाडी वळवली की वनखात्याचा माणूस उभा, जुन्या वाटांवर फाटकं आणि कुंपणं. म्हणून, कोकणात बंधनं कमी असं धरून, फ्लॅट विकून राजापूर तालुक्यात ४० लाखांना २० गुंठे घ्यायचे, घर बांधायचं, नोकरी सोडून घरून महिना ७० हजारांचं काम करायचं, आणि जोडीला होमस्टे नि रायडिंगचा ट्रॅक, त्यातून ‘सहज ६० हजार’. विचारलंय ते इतकंच: फ्लॅट विकू की फंड मोडू? जमिनीचं टोकन याच महिन्यात द्यायचं आहे. आणि थार घेऊ की जिमनी?

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘विम्याची काळजी नाही, मेडिक्लेम आणि ४० लाखांचं आयुर्विम्याचं कव्हर कंपनीचं आहे, शिवाय बँकेतून घेतलेली वर्षाला ३ लाख हप्त्याची गॅरंटीड पॉलिसी चालू आहे.’

नमस्कार. फ्लॅट विकू नका, फंड मोडू नका, टोकन देऊ नका. कारणं सांगतो, पण आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला भीती वाटली ती तिथे.

कंपनीचा मेडिक्लेम आणि कंपनीचं ४० लाखांचं कव्हर राजीनाम्याबरोबर जातं. म्हणजे ज्या दिवसापासून तुम्ही रोज सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, गाडी घालायला मोकळे होणार, त्याच दिवसापासून तुमच्यामागे कंपनीचं काही उरणार नाही. आज तुमचं काही बरंवाईट झालं तर ४० आणि गॅरंटीड पॉलिसीच्या कव्हरचे ३० मिळून ७० लाख, त्यातून कर्ज फेडून ५२. साडेसहा लाखांच्या घरखर्चाने आठ वर्षं निघतील. नोकरी सोडल्यावर कर्ज फ्लॅटबरोबर गेलं असं धरलं तरी उरतात ३० लाख, म्हणजे साडेचार वर्षं. तेवढ्यात मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेल. पत्रात वहिनींचं मत कुठेच आलेलं नाही. हे आकडे त्यांना दाखवा आणि मग विचारा.

हे झालं मरणाचं. चाळिशीतला रायडर मरण्यापेक्षा मोडण्याची शक्यता कितीतरी जास्त. खांद्याचं हाड, गुडघा, मनगट. मनगट गेलं की कीबोर्ड गेला, आणि फ्रीलान्सवाल्याला आजारपणाची पगारी रजा नसते. डोक्याला मार लागलाच तर राजापुरातून रत्नागिरी गाठायची, नाहीतर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर. तिथल्या चांगल्या खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाचे आठ-दहा दिवस आणि एक शस्त्रक्रिया म्हटली की तुमची ६ लाखांची एफडी संपली. आयुर्विम्यातून यातलं काही मिळत नाही.

म्हणून नोकरीत असतानाच, पगाराच्या चिठ्ठ्या हातात असतानाच, तीन गोष्टी घ्या. साठीपर्यंतचा दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा: तीसेक हजार, छंदामुळे भार पडला तर चाळीस. कुटुंबाचा आरोग्यविमा, १० लाखांचा मूळ आणि त्याच्या वरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप: तीस-पस्तीस हजार. अपंगत्व धरून अपघात विमा: दहाएक हजार. सगळं मिळून ८५ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढं बरं झालं. कंपनीचा मेडिक्लेम ज्या विमा कंपनीचा आहे तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. नोकरी सोडण्याआधी ती मागा, म्हणजे जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागत नाही.

अर्ज भरताना रायडिंग लपवू नका. ‘धोकादायक छंद आहे का’ हा रकाना एजंट तुमच्या वतीने ‘नाही’ करून टाकतो, कारण त्याला पॉलिसी लवकर निघायला हवी असते. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पहिल्या तीन वर्षांत विमा कंपनी लपवाछपवीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते, आणि तुम्हीच लिहिलंय की तुमचे उड्या मारतानाचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. पुरावा शोधायला कुणाला राजापूरला यावं लागणार नाही. आरोग्यविम्यात नेहमीची अट व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेणाऱ्याला लागू होते, हौशी माणसाला नाही. पण तुम्ही पैसे घेऊन ट्रॅक चालवायला लागलात की हौशी कुठे राहिलात? हे कंपनीकडून लेखी घ्या.

आता ती गॅरंटीड पॉलिसी. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं असणार: ‘३० लाख भरा, ६६ लाख घ्या, शंभर टक्के खात्री.’ खात्री आहेच. दहा वर्षं ३-३ लाख भरायचे, बाराव्या वर्षापासून वीस वर्षं ३ लाख ३० हजार मिळवायचे. हिशेब केला तर हा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास येतो. तुमचा पीएफ याहून बराच जास्त देतो, आणि तो विकायला कुणी कॉफी पाजत नाही. सत्तरीजवळ मिळणाऱ्या ३ लाख ३० हजारांत तेव्हा काय येईल, याचा विचार साहेबांनी केला नाही, तुम्हीही केला नाहीत.

तीन हप्ते, म्हणजे ९ लाख, गेले आहेत. आत्ता मोडलीत तर हातात साधारण तीन लाख येतील. ते मला पटत नाही. चालू ठेवलीत तर उरलेल्या २१ लाखांवर साडेपाच टक्के. तेही पटत नाही, त्यात उद्या तुमचं उत्पन्न ७० हजार झालं की वर्षाच्या ८ लाख ४० हजारांतून ३ लाख ही पॉलिसीच नेणार. तेव्हा पॉलिसी ‘पेड-अप’ करा. पुढचे हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात लाखभर रुपये बाराव्या वर्षापासून येत राहतील. नेमका आकडा बाँडच्या कागदात आहे, बँकेतल्या साहेबांच्या तोंडी नाही. पण क्रम चुकवू नका: पेड-अप केली की ३० लाखांचं कव्हरही त्याच प्रमाणात घटून ९ लाखांवर येतं. आधी टर्म प्लॅनचा कागद हातात, मगच हप्ता थांबवायचा.

इथपर्यंत तुम्ही विचारलेलं काहीच आलं नाही, याची कल्पना आहे. आता येतो.

कोकणात बंधनं कमी आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक जमीन खासगी, म्हणून फलक कमी दिसतात इतकंच. सडा उघडा पडलेला दिसतो, पण त्याच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबईत. परवानगी मागणार कोणाकडे? कलमांच्या बागेतून गाडी घातलीत तर आंब्याच्या दिवसांत राखणदार तुम्हाला पर्यटक समजणार नाही. वाटेत गडगे, म्हणजे दगडी बांध, आहेत, ते पाडायचे नसतात. आणि राजापूरचा सडा म्हणजे मोकळं मैदान नव्हे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या जांभ्यावर हजारो वर्षांची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती जमिनीलगत कोरलेली असतात, गवत वाढलं की दिसतही नाहीत, आणि दातेरी टायर त्यांच्यावरून एकदा गेला की गेलं. किनाऱ्याचं म्हणाल तर वाळूत गाड्या घालून रुतून बसलेल्या पर्यटकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात. तुमच्याच तालुक्यात वेत्येला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे दंडावर भागत नाही.

त्यात जून ते सप्टेंबर विसरा. जांभ्यावर शेवाळ धरलं की चालणारा माणूस घसरतो. मार्चनंतर तोच सडा तव्यासारखा तापतो. खऱ्या अर्थाने गाडी घालायचे महिने पाच, फार तर सहा.

‘इथे आरटीओ कोण बघतो’ म्हणून जुनी डर्ट बाईक किंवा एटीव्ही घ्यायचं पत्रात आहे. ही गाडी नोंदली जात नाही, म्हणून तिचा विमा नाही. गावातल्या रस्त्यावर कोणाला लागलं तर नुकसानभरपाई तुमच्या फंडातून जाईल, आणि तिला वरची मर्यादा नसते. नोंदलेल्या गाडीच्या पॉलिसीतही शर्यती आणि चाचण्या वगळलेल्या असतात. पाहुण्यांना तुमची हिमालयन भाड्याने दिलीत की खासगी गाडीची पॉलिसी निकामी. त्याला वेगळा परवाना आणि काळ्या पाटीवर पिवळा नंबर लागतो.

जमिनीचं दोन वाक्यांत. तुम्ही शेतकरी नाही, आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा ‘शेतकरी दाखला आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला टोकन देणं म्हणजे फसवणुकीत आपणहून भागीदार होणं. घ्यायचीच झाली तर एनए (बिगरशेती) झालेली, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या होतील अशी, आणि रस्ता नकाशावर असलेली घ्या.

पैशाचा हिशेबही बसत नाही. फ्लॅटचे ९० लाख, त्यातून कर्ज, दलाली आणि अडीच-तीन लाखांचा भांडवली नफ्यावरचा कर वजा करून हातात ६७-६८. जमीन ४०, मुद्रांक-नोंदणी ३, बोअर-वीज-कुंपण ७, चिऱ्यांचं साधं घर ३५. झाले ८५. फ्लॅट विकूनही फंडातले १७-१८ लाख मोडावे लागतील. नव्या घरावर करसवलत मिळते, पण ती तीन वर्षांत घर बांधून झालं तर. नुसत्या जमिनीवर नाही. होमस्टेच्या दोन खोल्या, अडीच हजार भाडं, भरलेल्या नव्वद रात्री: साडेचार लाख. त्यातून माणूस, जेवणखाण, रंगरंगोटी, चादरी वजा जाता सव्वादोन. महिन्याला एकोणीस हजार. तुमचे ६० हजार दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात दिसतील, बाकीचे महिने सासूबाई येऊन राहतील.

त्यापेक्षा हे बघा. पावसाळा सोडून, तापलेले महिनेही धरून, आठ महिने, महिन्यातून दोनदा पुण्याहून राजापूरला जा. पेट्रोल, दोन रात्री, जेवण मिळून खेपेला साडेसहा हजार. वर्षाला लाखभर. पेड-अप केलेल्या पॉलिसीचे ३ लाख सुटले, त्यातून विम्याचे ८५ हजार आणि रायडिंगचा लाख गेला, तरी लाखाहून जास्त एसआयपीला उरतात. नोकरी तशीच, फ्लॅट तसाच. एखाद्या जमीनमालकाकडून सड्याचा तुकडा वर्षभरासाठी लेखी भाड्याने मिळाला तर आणखी बरं. मुलीची दहावी झाली की, तेव्हाही ओढ असेल तर, राजापुरात किंवा रत्नागिरीत भाड्याने घर घेऊन एक अख्खा पावसाळा काढा. मगच जमिनीचं बोलू.

थार की जिमनी? १५ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्के: हप्ता साडेएकतीस हजार. ७० हजारांच्या मिळकतीवर दोन्ही नाही. आजच्या पगारावरही आधी गृहकर्जाचे १८ लाख.