जिप्समच्या भिंतीवर टेक्स्चर : सांधे का उमटतात?

प्रश्न : हॉलमध्ये १० बाय ९ फुटांचं जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आहे. त्यावर रोलरने टेक्स्चर (उठावाच्या नक्षीचा थर) देऊन रंग लावला. भिंतीलगतचा दिवा लावला की सहा फुटांवर आडवा पट्टा आणि काही उभ्या रेघा उमटतात. एका कोपऱ्यात खपलीही निघाली. वरून आणखी जाड थर दिला तर झाकलं जाईल का?

उत्तर : नाही, उलट खपल्या वाढतील. टेक्स्चर उंचसखलपणा झाकत नाही, त्यावर चढून बसतं. पट्टा सहा फुटांवर आहे, म्हणजे बहुधा सहा बाय चारचे बोर्ड उभे लावलेत. त्यांच्या लांब कडा कारखान्यातूनच किंचित उतरत्या येतात, त्यामुळे सांध्यावर चिकटवायची टेप आणि सांधा भरायचं कंपाउंड त्या खोलगटात सपाट बसतं. आखूड कडांना तो उतार नसतो, म्हणून तिथे टेपचा फुगवटा होतोच. तो नाहीसा होत नाही, पसरवावा लागतो : सांध्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर, रुंद पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पात्याने), तीन पातळ हातांत. आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नको. पावसाळ्यात त्याला एक दिवसही पुरत नाही.

उभ्या रेघा प्रायमर न दिल्याच्या. बोर्डाचा कागद आणि कंपाउंड पाणी सारखं शोषत नाहीत, त्यामुळे सांध्यावर टेक्स्चर वेगळ्या वेगाने सुकतं आणि नक्षी वेगळी उठते.

खपली उलटी करून बघा. मागे भुकटी असेल तर घासल्यावर धूळ पुसली नव्हती. कागद सोबत आला असेल तर आधी ओल शोधा. सिमेंटची पुट्टी निघाली असेल तर ती सगळीच खरवडा. ती बोर्डाच्या कागदावर नीट धरत नाही.

आता काम. टेक्स्चरचे उंचवटे खरवडा, फाटलेला कागद कापून टाका, उघड्या जागी प्रायमर मारा (नाहीतर तिथे फुगे येतात), मग सांधे वर सांगितल्याप्रमाणे पसरवा. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासताना मास्क हवाच. धूळ पुसून सगळ्या भिंतीला प्रायमर द्या.

टेक्स्चरसाठी तयार जॉइंटिंग कंपाउंड चालतं. ही भिंत सुमारे ८.४ चौरस मीटर. सरासरी एक मिलिमीटर थर धरला तर १३-१४ किलो लागेल, म्हणून २० किलोची बादली घ्या. पाणी एका वेळी १०० मिलीच घाला. श्रीखंडाइतकं घट्ट असेल तर रोलर ओढतो, ताकासारखं झालं तर ओघळतं. इडलीच्या पिठाइतकं हवं. आधी उरलेल्या बोर्डाच्या तुकड्यावर हात बसवा. दोघांनी काम करावं : एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने ओली चमक गेल्यावर रुंद पत्रा हलकेच फिरवून टोकं चपटी करायची. मध्ये चहाला थांबलात तर तिथे जोड दिसणार.

वाळल्यावर पुन्हा प्रायमर, तोही रोलरने. ब्रश घासलात तर कंपाउंड पाण्याने परत मऊ होऊन नक्षी पुसते.

प्रश्न : पार्टिशन विटांच्या भिंतीला मिळतं तिथली भेग दोनदा भरली, तरी परत येते.

उत्तर : येणारच. दोन्ही भिंती वेगवेगळ्या हलतात आणि कंपाउंड कडक असतं. भेग मोकळी करून त्यात रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट (वाळल्यावरही लवचिक राहणारं भरण) भरा आणि टेक्स्चर त्या कडेच्या अर्धा इंच अलीकडेच थांबवा.