ट्रकची नोकरी घ्यावी का: कॅनडातील ब्रॅम्प्टनच्या एका ताईंना उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या यजमानांनी सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, सध्या ते गोदामात रात्रपाळी करतात आणि ओळखीतले दोघे-तिघे लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याचे, ट्रक चालवून महिन्याला सहा हजार डॉलर मिळवतात असे ऐकल्यापासून एझेड (ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक चालवण्याचा) परवाना काढावा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, आणि पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीचा, अर्ज अजून व्हायचा आहे. ‘त्या पैशांत हे आयुष्य परवडेल का’ असे आपण विचारले आहे. माझे मत प्रथमच सांगतो: नोकरी रीतसर पगारी असेल आणि लांबच्या फेऱ्या ठरावीक मुदतीपुरत्या असतील, तर परवडेल. स्वतःच्या नावावर कंपनी काढून किंवा मुदत न ठरवता हे काम धरले, तर आपल्यासारख्या घराला ते परवडणार नाही.

सहा हजारांचा आकडा खोटा नसावा, पण तो अपुरा आहे. कॅनडात रस्ते किलोमीटरमध्ये मोजले जात असले तरी लांबच्या फेऱ्यांची मजुरी बहुधा मैलावर ठरते. समजा, मैलाला ६० सेंट मिळाले आणि आठवड्यात २,५०० मैल झाले, तर हातात येण्यापूर्वीची रक्कम १,५०० डॉलर होते. एवढे अंतर कापायला चाकामागे सुमारे ४८ तास जातात. ट्रकची रोजची तपासणी, डिझेल, सीमेवरची रांग आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी गोदामाच्या दारात काढलेला वेळ धरला, तर आणखी १४ तास सहज लागतात. म्हणजे कामाच्या तासाला सुमारे २४ डॉलर पडले. परंतु सोमवारी पहाटे निघालेला माणूस शनिवारी संध्याकाळी घरी येतो, म्हणजे १३२ तास तो घराबाहेर असतो, आणि त्या प्रत्येक तासाला साडेअकरा डॉलरसुद्धा पडत नाहीत. आता दुसरीकडे टोरांटो परिसरातच माल पोहोचवणारी लोकल नोकरी घ्या. तासाला २७ डॉलर आणि आठवड्याला ५० तास धरले, तर ओव्हरटाइम न मोजताही १,३५० डॉलर होतात. फरक राहिला १५० डॉलरचा, आणि वाटेत दिवसाला २५ डॉलर खाण्यावर गेले तर सहा दिवसांत तोही संपतो. हे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत. यजमानांना जी नोकरी सांगून येईल, तिचे आकडे घालून हेच गणित दोघांनी एकत्र बसून करावे आणि त्यात घराबाहेरच्या तासांचा रकाना वगळू नये.

गोदामाच्या दारात थांबलेल्या वेळेचे पैसे हा या धंद्यातला सर्वांत जुना वाद आहे. काही कंपन्या पहिले दोन तास फुकट धरतात आणि त्यानंतर ताशी दर देतात, तर काही काहीच देत नाहीत. लोड न मिळाल्यामुळे रिकामा ट्रेलर ओढत आणला, तर त्या मैलांचा दर तोच राहतो का, हिमवादळात रस्ता बंद होऊन एक दिवस गेला तर काय मिळते, आणि ३६ तासांचा रीसेट (कामाच्या तासांचे चक्र नव्याने सुरू करणारी सलग विश्रांती) घरापासून दोन हजार किलोमीटरवर विनिपेगच्या ट्रक स्टॉपमध्ये घ्यावा लागला तर काही भत्ता आहे का, याची उत्तरे लेखी मिळत नसतील तर मैलाच्या दराला फारसा अर्थ उरत नाही. नियमाप्रमाणे कॅनडात दिवसाला जास्तीत जास्त १३ तास ट्रक चालवता येतो आणि सात दिवसांच्या चक्रात एकूण ७० तासांपर्यंत काम करता येते. २०२३ च्या जानेवारीपासून कामाचे तास नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लॉगची सक्तीने तपासणी होत असल्यामुळे आंतरप्रांतीय फेऱ्यांत जादा तास लपवून कमाई वाढवण्याचा जुना मार्ग आता जवळजवळ बंद झाला आहे, आणि ते चांगलेच झाले. एक सवलत मात्र घेण्यासारखी आहे. लांबच्या फेऱ्या करणाऱ्या पगारी चालकाला, काही अटी पूर्ण होत असतील तर, वाटेतल्या जेवणाच्या खर्चापैकी ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. ठोक पद्धतीने हा खर्च एका जेवणाला २३ डॉलर, दिवसाला तीन जेवणांपर्यंत धरता येतो. त्यासाठी फेऱ्यांची नोंद ठेवावी लागते आणि कंपनीची सही असलेला टीएल-२ अर्ज लागतो. अनेक घरे हे कागद वर्षअखेरीस शोधू लागतात आणि मग सवलत हातची जाते.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, म्हणून सविस्तर लिहितो. ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात नव्या चालकाला अनेकदा असे सुचवले जाते की, तुम्ही स्वतःची एक कंपनी नोंदवा, आम्ही त्या कंपनीला पूर्ण रक्कम देतो, कर कापला जाणार नाही, हातात जास्त येईल. ट्रक त्यांचा, डिझेल त्यांचे, लोड त्यांच्या डिस्पॅचने ठरवलेले. म्हणजे हा माणूस सर्व अर्थांनी नोकर असतो, फक्त कागदावर तो व्यावसायिक होतो. या पद्धतीला येथे ‘ड्रायव्हर इन्क’ म्हणतात. त्यात सुट्टीचा पगार नसतो, बेकारी विमा नसतो, आणि कॅनडा पेन्शनचे नोकराचा व मालकाचा असे दोन्ही वाटे स्वतःलाच भरावे लागतात. प्रांताबाहेर माल नेणाऱ्या कंपन्यांच्या पगारी चालकांना केंद्रीय कामगार कायद्यानुसार वर्षाला दहा दिवसांपर्यंत पगारी वैद्यकीय रजा मिळू शकते, तीही येथे जाते. करखात्याने अशा कंपनीला ‘पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस’ ठरवले, तर लहान उद्योगांची करसवलत मिळत नाही आणि आपल्या ऑन्टारिओ प्रांतात कराचा एकूण दर ४४.५ टक्क्यांवर जातो. मागील वर्षांचा कर व्याजासह मागितला गेला, तर हातात जास्त आलेले सर्व परत द्यावे लागते. २० जून २०२४ पासून केंद्रीय कायद्यात अशी तरतूद आहे की, असा कामगार नोकरच आहे असे गृहीत धरले जाईल आणि तो नोकर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर राहील. त्यामुळे पगारी नोकरी मागताना यजमानांनी संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्या घराला यात आणखी एक मोठा धोका आहे. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास या कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर आधारलेल्या योजनेतून पीआर मिळवण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत किमान एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो. लांब अंतराचा ट्रक चालवणे या वर्गात बसते. पण स्वयंरोजगाराचा अनुभव या मार्गात धरला जात नाही. स्वतःच्या कंपनीमार्फत दोन वर्षे राबूनही तो सगळा काळ पीआरच्या हिशेबात शून्य ठरण्याची भीती असते. हातात येणारे महिन्याचे पाच-सातशे डॉलर जास्त दिसले, तरी त्यांच्या बदल्यात आपण मुलांचे या देशातले भविष्य पणाला लावतो आहोत हे दोघांनी लक्षात घ्यावे. त्याचप्रमाणे एलएमआयएसाठी, म्हणजे परदेशी कामगार नेमण्याच्या सरकारी मंजुरीसाठी, कोणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत. तसे पैसे घेणे बेकायदेशीर आहे, आणि २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुण एक्स्प्रेस एन्ट्रीत (पीआरसाठी गुणांवर निवड करण्याच्या पद्धतीत) मिळत नाहीत, त्यामुळे त्या खर्चामागचे जुने आमिषही उरलेले नाही.

स्वतःचा ट्रक घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. भरलेला ट्रक १०० किलोमीटरला ३५ ते ४० लिटर डिझेल पितो, नव्या चालकाचा विमा महाग असतो आणि मालवाहतुकीचे दर २०२२ नंतर कोसळले तेव्हा कर्जावर ट्रक घेतलेल्यांचे हप्ते मात्र तसेच राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये मिसिसागाच्या प्राइड ग्रुपसारख्या ट्रक व्यवसायातल्या मोठ्या समूहालाही दिवाळखोरीपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

परवान्याविषयी. एझेड काढण्यासाठी आधी पूर्ण जी (साधी मोटार चालवण्याचा) परवाना हवा, वैद्यकीय तपासणी हवी आणि ऑन्टारिओत २०१७ पासून किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. फी काही हजार डॉलरची असते आणि शाळाशाळांत फार तफावत असते. जी शाळा हे तास कागदावर भरून लवकर परीक्षेला बसवते, तिच्याकडे स्वस्त आहे म्हणून जाऊ नये. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्टच्या हॉकी संघाच्या बसचा अपघात झाला. काही आठवड्यांपूर्वीच कामावर लागलेला भारतीय वंशाचा ट्रकचालक ‘स्टॉप’च्या फलकापाशी न थांबता चौकात आला आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली, पुढे हद्दपारीचा आदेशही निघाला, आणि कंपनीच्या मालकाला पाच हजार डॉलर दंड झाला. अपुऱ्या तयारीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून दिसते. सू सेंट मरीहून वावामार्गे थंडर बेकडे जाणारा हायवे १७ बराचसा दुपदरी आहे, हिवाळ्यात समोरून येणाऱ्या ट्रकच्या बर्फाच्या धुरळ्यात काही क्षण काहीच दिसत नाही, आणि मोबाइलला लांब अंतरापर्यंत सिग्नल नसतो. पहिल्या हिवाळ्यात अनुभवी चालकासोबत पाठवणारी कंपनी मैलाला पाच सेंट कमी देत असली, तरी तीच निवडावी.

यजमानांचा पासपोर्ट भारतीय असल्यामुळे अमेरिकेत माल नेण्यासाठी व्हिसाही लागेल. तो हाती नसताना अमेरिकेच्या फेऱ्यांचा दर मनात धरू नये.

आता घराकडे येतो, कारण खरी नोकरी तेथे आपल्याला करावी लागणार आहे. यजमान बाहेर असताना मुलाला ताप आला, शाळेतून फोन आला, ड्राइव्हवेवर फूटभर बर्फ साचला, तरी सर्व काही आपल्यालाच पाहावे लागेल. त्यामुळे यजमानांच्या एझेडची फी भरण्यापूर्वी आपला जी परवाना आणि घरात एक चालती गाडी असावी, असा माझा आग्रह आहे. बँकेचे खाते दोघांच्या नावे असावे आणि भाडेकरार, विमा, पीआरची कागदपत्रे यांच्या प्रती आपल्याजवळ असाव्यात. आपण स्वतः नोकरी करत असाल, तर मुलाच्या डेकेअरचे वाढीव तास हाही ट्रकच्या नोकरीचाच खर्च आहे. तो कमाईतून वजा करा. यजमानांच्या प्रकृतीचेही पाहा. दिवसभर बसणे, वेळीअवेळी झोप आणि ट्रक स्टॉपचे तळलेले खाणे यांनी वजन व साखर लवकर वाढते, आणि साखर बिघडली तर वैद्यकीय तपासणीत परवानाच अडचणीत येतो. घरी केलेल्या भाकऱ्या, उसळी, पिठले गोठवून दिले आणि केबिनमध्ये छोटा कुकर ठेवला, तर पैसा आणि प्रकृती दोन्ही वाचतात.

‘डिप्लोमा करून ड्रायव्हर झाला, असे गावी म्हणतील,’ असे आपल्या सासूबाई म्हणाल्याचे आपण लिहिले आहे. त्यांना आदरपूर्वक सांगावे की, चाळीस टनांचे वाहन बर्फातून सुखरूप पोहोचवणे हे कौशल्याचे काम आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. इंजिनातले बिघाड ओळखता येणाऱ्या माणसाला पुढे ट्रक-ट्रेलर दुरुस्तीची अप्रेंटिसशिपही खुली आहे. रात्री घरी परतता येणारे ते काम यजमानांच्या शिक्षणाला अधिक जवळचे आहे. परवान्याआधी त्या वाटेचीही चौकशी त्यांनी अवश्य करावी.

तरीही ट्रकच घ्यायचे ठरले, तर दोन हिवाळ्यांची मुदत ठरवून घ्या. अनेक चांगल्या लोकल नोकऱ्यांना विम्याच्या अटीमुळे सुमारे दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तेवढ्यात होईल आणि पीआरसाठीचे तासही भरतील. त्या काळात दर महिन्याच्या पे-स्लिप, नेमणुकीचे पत्र आणि वर्षाचा टी-४ (पगाराचा व कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) जपून ठेवा. मुलाखतीला जाताना यजमानांनी पहिला प्रश्न पगार टी-४ वर मिळेल का हा विचारावा. त्यावर टाळाटाळ झाली तर दराची चर्चा न करता तेथून उठावे.