पाठीचं ऑपरेशन, एफडी आणि फॉर्ममधलं एक ‘नाही’

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात देते.

“नमस्कार ताई, वय 43, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हातात 52 हजार येतात. कमरेतल्या एल फोर-एल फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकून नस दबलीय, डावा पाय कमरेपासून पोटरीपर्यंत ठणकतो. गोळ्या घेऊन तीन आठवडे झाले. सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय, छोटं छिद्र, दुसऱ्या दिवशी घरी, सिंगल रूम धरून 3 लाख 20 हजार. 4 लाखांची एफडी मोडू की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन काढू? एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलीय. तिसरा मार्ग म्हणजे मे 2025 मध्ये घेतलेली 10 लाखांची फॅमिली मेडिक्लेम आहे, तिच्यात मणक्याला 24 महिने वेटिंग आहे, एजंट म्हणतो मे 2027 पर्यंत कसंतरी काढा, मग क्लेम पक्का. (कंपनीचा 3 लाखांचा मेडिक्लेम आहे पण ऑफिसमधले म्हणाले एका दिवसाच्या ऑपरेशनला तो चालत नाही.) ता. क. ऑगस्ट 2023 मध्ये याच दुखण्यासाठी एमआरआय केला होता, पण एजंट म्हणाला फॉर्ममध्ये लिहू नका, प्रीमियम वाढेल. जुना रिपोर्टही फाडून टाका म्हणाला.”

दादा, प्रश्न एफडीचा विचारलात आणि बॉम्ब ता. क. मध्ये ठेवलात.

एफडी-लोनचा हिशोब दोन मिनिटांचा आहे. 3 लाख 20 हजारांचं लोन तीन वर्षांसाठी 14 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता जवळजवळ 11 हजार आणि व्याज पाऊण लाखाच्या घरात. एफडी मोडली तर व्याजदरात अर्धा-एक टक्का दंड, म्हणजे काही हजारांचा प्रश्न. दोनातलं एक करायचंच असेल तर एफडी. पण बहुतेक दोन्हीची गरज पडणार नाही, त्याकडे येते, आधी तो फॉर्म.

फॉर्ममध्ये प्रश्न असतो, पाठ, मान, सांधे यांचा काही त्रास, तपासणी, उपचार झालेत का? तिथे तुमच्या सहीखाली ‘नाही’ आहे. पॉलिसीच्या आधीच्या 36 महिन्यांत ज्याचं निदान किंवा उपचार झाला तो आधीपासूनचा आजार धरतात, आणि तुमचा एमआरआय पॉलिसीच्या 21 महिने आधीचा आहे. म्हणजे तुम्ही खरं लिहिलं असतं तरी या दुखण्याला 24 नाही, 36 महिन्यांपर्यंतचं वेटिंग लागू शकलं असतं, मे 2028. खोटं लिहिल्यावर तर मे 2027 ला काहीच अर्थ उरत नाही. एजंटला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही, त्याला त्या महिन्यात पॉलिसी काढायची होती.

तुम्हाला वाटत असेल की कळणार कुणाला. कॅशलेससाठी हॉस्पिटल जो फॉर्म भरतं त्यात ‘त्रास कधीपासून’ असा रकाना असतो आणि तो डॉक्टर भरतात, तुमचा एजंट नाही. तुम्ही वेदनेत, सवयीनं सांगणार, “तीन वर्षं झाली डॉक्टर, मध्ये बरं होतं.” झालं. मग पत्र येतं, पहिल्यांदा दाखवलं त्या डॉक्टरचे कागद पाठवा, जुने एमआरआय पाठवा. रिपोर्ट फाडला तरी स्कॅन सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये तो असू शकतोच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते मेडिक्लेमच्या फॉर्मला लागू नाही.

आणि फक्त पाठीचा क्लेम गेला असता तर मी एवढं लिहीत बसले नसते. माहिती लपवली तर पॉलिसी रद्द आणि भरलेला प्रीमियम जप्त, हे कलम पॉलिसीत छापलेलं असतं. फ्लोटरमध्ये (एकाच विमा रकमेत सगळं कुटुंब) तुमच्याबरोबर बायको आणि दोन मुलंही आहेत. उद्या मुलाला डेंग्यू होऊन आयसीयूत ठेवलं, विमा कंपनीनं जुने कागद काढायला घेतले आणि तुमचा एमआरआय सापडला, तर भांडण तिथून सुरू होणार. सलग 60 महिने झाल्यावर कंपनी जुन्या गोष्टी उकरू शकत नाही, 2024 पासून ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आलीय, पण सिद्ध झालेली फसवणूक तिथेही सुटत नाही. तुमचे पाच वर्षं भरणार मे 2030 ला. तोपर्यंत श्वास रोखून बसणार का?

म्हणून या आठवड्यात विमा कंपनीला ईमेल करा, एजंटमार्फत नाही, थेट. प्रपोजल भरताना ऑगस्ट 2023 चा एमआरआय लिहायचा राहिला, रिपोर्ट जोडलाय, नोंद करून घ्या. कंपनी प्रीमियम वाढवेल, पाठीवर वेटिंग किंवा वगळणी टाकेल, नाहीतर पॉलिसी रद्द करेल. तिसरं झालं तर वाईट वाटेल, पण आज घरातले बाकी सगळे धडधाकट असताना दुसरीकडे खरं लिहून अर्ज करता येतो, बिल समोर असताना नाही येत. त्या नव्या फॉर्ममध्ये आधीची रद्द झाली हेही लिहायचं. माझ्याकडे दरवर्षी असे चार-पाच जण येतात आणि हा ईमेल करायला सगळ्यांचे हात थरथरतात, मला ते समजतं.

आता तुमच्या नोकरीतल्या कंपनीचा मेडिक्लेम, जो तुम्ही कंसात टाकून मोकळे झालात. बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, आणि जे ऑपरेशन नव्या तंत्रामुळे 24 तासांच्या आत होतं ते डे केअरमध्ये धरतात, म्हणजे 24 तास भरले नाहीत तरी क्लेम चालतो. शिवाय तुम्ही तर एक रात्र राहणार आहात, मग नकार कशाचा? ऑफिसमधल्यांचं ऐकू नका, एचआरकडून पॉलिसीची कॉपी मागा आणि तीन गोष्टी बघा: वेटिंग माफ आहे का, रूमची मर्यादा किती, यंदा किती रक्कम वापरली गेली. तुम्ही मला नंतर कळवलंत की आईच्या मोतीबिंदूला 40 हजार गेले, म्हणजे 2 लाख 60 हजार उरले. रूमची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असेल तर दिवसाला 3,000, आणि तुम्हाला दिलेल्या कोटेशनमधली सिंगल रूम 6,000 ची आहे. लोकांना वाटतं वरचे 3,000 खिशातून दिले की झालं. तसं नाही, रूम दुप्पट घेतली की सर्जनची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात निम्मं होतं (औषधं, इम्प्लांट, तपासण्या सुटतात). दीड लाखाचा असा खर्च असेल तर 75 हजार तुमच्या अंगावर, एका रात्रीच्या एकांतासाठी. शेअरिंग घ्या आणि त्या रूमप्रमाणे नवं कोटेशन मागा, पॅकेज रूमवर बदलतं.

कोटेशनमध्ये ‘रोबोटिक’ किंवा ‘आयओएनएम’ (ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणारं मशीन) असं काही असेल तर पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा आहे का तेही बघा. हे उपचार विमा कंपन्यांना पूर्ण वगळता येत नाहीत, पण मर्यादा टाकता येते आणि त्या टाकतात. तुमच्यासारख्या एका गादीच्या साध्या ऑपरेशनला हे लागतंय का, असं सर्जनला सरळ विचारा, राग आला तर येऊ द्या.

ऑपरेशनबद्दल मी डॉक्टर नाही, पण पैशाच्या अंगानं दोन शब्द. गादी सरकून पाय दुखणाऱ्या बऱ्याच लोकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो, तुमचे तीनच झालेत. पायातली ताकद कमी होत असेल, पाऊल लोंबत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा बैठकीची जागा बधिर झाली असेल तर मात्र आजच हॉस्पिटल गाठा, एफडी खड्ड्यात गेली. तसं नसेल तर दुसऱ्या मणक्याच्या सर्जनचं मत घ्या, त्याला हजार-दीड हजार लागतील. दुर्बिणीची पद्धत खोटी नाही. नेदरलँड्समध्ये सहाशेच्या वर पेशंटवर केलेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात वर्षभरानं पायदुखीचा निकाल मायक्रोस्कोपखालच्या नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा कमी पडला नाही. पण मग नेहमीचं ऑपरेशन तुमच्याच गावात दीड-पावणेदोन लाखांत होत असेल तर वरचे पैसे कशाचे, हे विचारायला हवं ना? छिद्र लहान झालं म्हणून बिल आपोआप लहान होत नाही.

आणि ते “आठ दिवसांत बाइकवर ऑफिस, एकदा केलं की कायमचं” असं पुढे लिहिलंत, ते बाजूला ठेवा. शंभरात पाच-दहा जणांची गादी पुन्हा सरकते. महिनाभर रजा, त्यातली काही बिनपगारी, फिजिओचे 20 सिटिंग 500 प्रमाणे 10 हजार, रिक्षा, पट्टा असं धरून 60-70 हजार वेगळे काढा. एफडीतून काढायचे असतील तर एवढेच, बाकीची मुलीसाठी राहू दे.

याच एजंटनं वर्षाला 75 हजार हप्त्याची मनीबॅक विमा पॉलिसी गळ्यात मारलीय, “हॉस्पिटलच्या खर्चाला होईल” म्हणून. पंधरा वर्षं भरा, विसाव्या वर्षी सगळं मिळून 20 लाख, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत, एफडीपेक्षा कमी. दीड महिन्याचा पगार दरवर्षी तिकडे जातोय आणि हॉस्पिटलच्या दारात तुम्ही लोन शोधताय! चार हप्ते गेलेत, रागात सरेंडर करू नका (मध्येच मोडू नका), पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली) तर काय मिळेल ते लेखी मागवा, पुढच्या हप्त्याआधी आपण बघू.

सध्या मला फक्त दोन कागद पाठवा, मेडिक्लेमच्या प्रपोजल फॉर्मची कॉपी आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची. आणि तो 2023 चा रिपोर्ट अजून फाडला नसेल तर जपून ठेवा, ईमेलला जोडायचाय आणि सर्जनलाही दोन्ही फिल्म शेजारी लावून बघायच्या असतील.