कळल्याशिवाय वाचायचं नाही

बाय,

तुझा मेसेज मिळाला, सोबतचं रेकॉर्डिंगही ऐकलं. आवाज चांगला आहे. ते तुला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. आकाशवाणीची स्वरचाचणी पास झालीस, पण ड्यूट्या महिन्याला मोजक्याच मिळणार. मुंबईच्या एका वाहिनीने बोलावलंय, पण बोलण्यातला कोकणी हेल घालवून ये म्हणतात. मैत्रीण सांगते, दोन्ही सोड आणि रील्स कर. आणि तू मला विचारतेस, "काका, कुठे जाऊ?"

कुठे जायचं ते नंतर बघू. आधी रेकॉर्डिंगचं बोलतो, कारण त्याने माझी झोप उडवली आहे.

तू मच्छीमारांसाठीचा इशारा वाचला आहेस. वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मी फोन करून विचारलं, हे ६५ म्हणजे किती नॉट, म्हणजे ताशी किती सागरी मैल? अशा वेळी बंदरावर धोक्याचा कुठला बावटा लागतो? तू गप्प राहिलीस आणि मग म्हणालीस, "ते हवामान खात्याचं काम ना काका, मला नुसतं वाचायचं होतं." बाय, तुझे बाबा हर्णैला नौका लावतात. हे विचारायला तुला घराबाहेरही पडावं लागलं नसतं. जेवताना पानावर बसल्या बसल्या विचारता आलं असतं.

कळल्याशिवाय वाचायचं नाही. माझ्याकडे तुला द्यायला एवढंच आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

६५ किलोमीटर म्हणजे साधारण ३५ नॉट. पण झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या तडाख्याचा, ६५ आणि सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा ६५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सतत वाहणारा वारा ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ. तू वाचलास तो सोसाट्याचा वारा. त्याला आपल्याकडे तीन नंबरचा बावटा लागतो. तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्याने, डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, खलाशी जेटीवर येऊन बसलेले असतात. तो तुझं वाक्य ऐकून ठरवणार की आज खर्च अंगावर घ्यायचा की वीस वाव खोल पाण्यात जाऊन येऊ म्हणायचं. त्याला ‘झोत’ शब्द नीट ऐकू यायला हवा. तू तो गिळलास आणि ‘मच्छीमारांनी’ वर सुंदर आघात दिलास. आघात कुठे द्यायचा हे गळा शिकवत नाही. अर्थ डोक्यात असला की आवाज आपोआप तिथे थांबतो.

शेतीच्या कार्यक्रमाचंही तेच. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडे येतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आपल्या हातात पडतं. औषधाचं प्रमाण लिटरला आहे की दहा लिटरला, एवढं चुकलं तर ऐकणाऱ्याची बाग जाते. कागदावर टंकलेखनाची चूक असू शकते. ती पकडायला निवेदक जागा असावा लागतो. स्टुडिओतला लाल दिवा लागायच्या, माईक सुरू व्हायच्या आधी फोन करायचा, विचारायचं, खात्री करायची. नाही कळलं तर ड्यूटी ऑफिसरला सांगायचं की हे वाचत नाही, गाणं लावा. मी असं सांगितलेलं आहे. त्या संध्याकाळी कुणी खूश नव्हतं.

तुम्ही मुलं अमीन सयानींची नक्कल करता, ती ‘बहनों और भाइयों’ची लय उचलता. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला हे सगळे सांगतात. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसांसाठी, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांमध्ये. पोरवयात सयानी त्या कामात हात लावायचे. ज्याला कालपरवा अक्षरओळख झाली त्याला समजेल असं वाक्य कसं असतं, हे ते तिथे शिकले. लय मागून आली. आपल्याकडे प्रदीप भिडे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायचे, तेव्हा आठवते ती बातमी, भिडे नंतर आठवतात. ऐकणाऱ्याचा अर्थ आधी आणि आपण मागून, असा तो क्रम होता. तुमच्या रील्समध्ये तो उलटा झालाय आणि मला ते सहन होत नाही, हे मी लपवत नाही.

आता माझं सांगतो, कारण तू ते कुणाकडून तरी अर्धवट ऐकलं आहेस असं तुझ्या मेसेजवरून दिसतं.

२००७-०८ च्या सुमाराला मराठी बातम्यांच्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या आणि रेडिओवरच्या माणसांना बोलावणी आली. मीही गेलो. कोट, टाय, टेलिप्रॉम्प्टर, कानात पीसीआरमधून, म्हणजे वाहिनीच्या कंट्रोल रूममधून, येणारा आवाज, सगळं जमलं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा मी अँकरच्या खुर्चीत होतो. कानात सांगितलं गेलं की इतक्या बोटी बेपत्ता आहेत, बोला. मी विचारलं, कुठल्या बंदरातल्या? उत्तर आलं, तू बोल. मिरकरवाडा, हर्णै, दाभोळ, देवगड, सगळीकडे त्या क्षणी बायका टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांचा माणूस त्या आकड्यात आहे की नाही हे न सांगता आकडा कसा फेकायचा? आणि कितीतरी नौका खाड्यांमध्ये आसऱ्याला शिरलेल्या असतात, त्यांचा संपर्क तुटलेला असतो, हे तिथे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, बेपत्ता बोटींचा आकडा अजून नक्की झालेला नाही, बंदरांकडून कळलं की सांगू. दुसऱ्या दिवशी माझं बुलेटिन मध्यरात्रीनंतरचं झालं. पुढे ते देखील गेलं.

त्या वादळात काही माणसं घरी परत आली, काही आलीच नाहीत. मी आकडा बोललो असतो तरी त्यात फरक पडला नसता, हा मुद्दा मला तेव्हा पुष्कळांनी ऐकवला. आजही तो मला पटत नाही.

मी रत्नागिरीला परतलो आणि पुन्हा नैमित्तिक उद्घोषक म्हणून ड्यूट्या घेऊ लागलो. पोटासाठी शिकवण्या केल्या, लग्नसमारंभांची निवेदनं केली. लोक म्हणतात हट्टापायी करिअर घालवलं. म्हणू देत. मला खंत आहे ती वेगळी. आई गल्लीत सगळ्यांना सांगायची, आमचा टीव्हीवर दिसतो. मी परत आल्यावर तिचं ते सांगणं बंद झालं. तिने मला कारण विचारलं नाही आणि मीही नीट बसून तिला सगळं सांगितलं नाही. ती गेली. एवढं एक मला अजून टोचतं. बाकी ती खुर्ची, तो पगार, ओळखणारी माणसं, यातलं काही मागे राहिलं असं मला वाटत नाही. वाटत असतं तर तुला मुंबईला जाऊ नकोस म्हणालो असतो. मी तसं म्हणत नाहीये, नीट वाच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवसभर टीव्हीवर एकच चाललं होतं, मुंबईवरचं संकट टळलं. टळलं कारण ते दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली इथल्या सुपारीच्या बागा झोपल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, वीज कित्येक ठिकाणी काही आठवडे नव्हती. तुमच्या घराचंही छप्पर गेलं होतं, तू तेव्हा शाळेत असशील. आनंदाने ‘टळलं’ म्हणणाऱ्या त्या मुलामुलींचा मला राग नव्हता, त्यांना कुणी नकाशा दाखवला नव्हता. मोबाइलचे टॉवर बंद पडले की सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेवढा बोलतो. १९७७ पासून आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र बोलतंय आणि अशा दिवशी तिथे बसलेल्या माणसाला केळशी कुठे, वेळास कुठे, आडे कुठे आणि रस्ता कुठे तुटला तर पुढची कुठली गावं अडकतात हे पाठ हवं. बाहेरून कुणी सांगेल अशी वाट बघायला वेळ नसतो. तुला ते येतं. त्या रस्त्यांवरून एसटीने तू कॉलेजला गेली आहेस.

म्हणूनच हेलाबद्दल तू एवढी घाबरलेली बघून मला नवल वाटलं. बातमी प्रमाण मराठीत वाचावी लागते, ती वाच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गडचिरोलीतही कुणी ऐकत असतं. ण आणि न वेगळे आले पाहिजेत, च आणि ज नेमके लागले पाहिजेत, श्वास वाक्याच्या मध्ये सुटता कामा नये. ते महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने होतं. हेल राहिला तर राहू दे. हेलामुळे कुणाची नौका बुडालेली मी पाहिली नाही. न समजता वाचलेल्या आकड्याची मला भीती वाटते.

मुलाखतींचंही सांगून ठेवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरल्यावर चिखलात उभ्या असलेल्या माणसापुढे माईक धरून वार्ताहर विचारत होते, "तुम्हाला कसं वाटतंय?" हा प्रश्न तू आयुष्यात विचारायचा नाहीस. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, प्यायचं पाणी कुठे मिळतंय, औषधांचं कुठलं दुकान उघडं आहे, घरातली म्हातारी माणसं कुठे हलवली, हे विचार. त्याच्या उत्तराने शेजारच्या आळीतल्या कुणाची तरी सोय होते. हर्णैच्या लिलावात मासे विकणाऱ्या काकीशी बोलायचं असेल तर आदल्या संध्याकाळी माईक न घेता जा. बोली कशी लागते, दलालाचा वाटा किती, पापलेट कमी आलं तर ती घर कशावर चालवते, हे बघून ये. मग दुसऱ्या दिवशी तुझे प्रश्न ऐकून तीच म्हणेल, पोरीला कळतंय. ती मोकळी बोलते ती त्यानंतर.

तुझ्या मैत्रिणीला सांग, रील्स करायला माझी हरकत नाही. तिथेही हेच लागू आहे. कॅमेरा फोनचा असला म्हणून न कळलेलं बोलायची मुभा मिळत नाही.

आता मुंबईचं. त्यांना होकार-नकार कळवायच्या आधी दोन गोष्टी विचार. बातमीचा कागद वाचायच्या किती आधी हातात मिळेल? आणि वाचताना शंका आली तर कोणाला विचारायचं, त्या माणसाचं नाव काय? पगाराचं नंतर विचार, पण विचार जरूर, आणि लेखी घे. उत्तरं सरळ मिळाली तर जा. इथल्या मोजक्या ड्यूट्यांवर घर चालत नाही, ते मी तुला चालवून दाखवू शकत नाही. स्टेशनवर सोडायला मी येईन. उत्तरं टाळली आणि तरीही तू गेलीस, तर मी अबोला धरणार नाही. पण तुझं पहिलं बुलेटिन मी बघणार आणि ते संपल्या संपल्या फोन करून त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारणार. फोन उचल.

तुझा,
काका